दोन्ही वाजल्या की अक्षता

कितवं मंगलाष्टक चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. अंतरपाटाच्या अलीकडे मी, हातात हार. हार कसला, ओल्या झेंडूचं पोतंच ते. पलीकडे निशिकांत. त्याचे मला कापडाखालून फक्त पायाचे दोन अंगठे दिसत होते, आणि ते मघापासून एकमेकांवर चढत-उतरत होते. माझ्या पाठीशी दिनकरमामा, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. सुरुवातीला ते हात आशीर्वादासारखे वाटत होते. आता मामा चक्क टेकून उभे होते.

"शुभमंगल सावधान," लाटकर गुरुजी म्हणाले. म्हणाले म्हणजे, दमलेल्या कंडक्टरने शेवटचा स्टॉप पुकारावा तसं म्हणाले. लोकांनी अक्षता टाकल्या. त्याही आता संपत आल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या बायका सतरंजीवर पडलेल्या वेचून त्याच परत टाकत होत्या.

गुरुजींनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही. गुरुजींनी बापूसाहेबांकडे बघितलं. बापूसाहेबांनी जाकिटाच्या खिशावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही. गुरुजींनी पुढचं मंगलाष्टक उचललं.

अण्णा म्हणजे माझे वडील. बापूसाहेब जामदार म्हणजे निशिकांतचे वडील, त्या घटकेला अजून न झालेले माझे सासरे. आणि त्या दोघांच्या खिशात जे होतं ते वाजल्याशिवाय माझं लग्न लागणार नव्हतं.

खिशात डिजिटल डायरी होती. दोघांच्याही.

आता पोरांना सांगितलं तर ती हसतात, पण सत्त्याण्णव साली आमच्या कराडात मोबाइल नुसता ऐकून माहीत होता. अशा वेळी दिनकरमामा मस्कतहून सुट्टीवर आले आणि दोन जपानी डायऱ्या घेऊन आले, एक स्वतःला आणि एक अण्णांना. एकदम दोन घेतल्या म्हणून दुकानदाराने वर छत्री फुकट दिली होती. चष्म्याच्या घरासारखी उघडायची ती. वरती हिरवट काच, खाली मुंगीएवढी बटणं. अण्णांची बोटं जाड. एक दाबायला गेलं की तीन दाबली जायची. म्हणून ते संपलेल्या रिफिलच्या टोकाने टाइप करायचे, जीभ बाहेर काढून.

अण्णा दूध संघात खरेदी विभागात होते. त्यांचं मत असं, की कागदाचा जमाना संपला. संघातल्या कुणाचाही नंबर विचारा, अण्णा म्हणायचे, "थांब, डायरीत आहे." मग रिफिल शोधायची, मग चष्मा, मग झाकण उघडायचं, मग ती इंग्रजी अक्षरं. एकदा ते शेजारच्या जाधवकाकांचा नंबर शोधत असताना जाधवकाका स्वतः आले, चहा पिऊन गेले, तरी नंबर सापडला नव्हता. डायरीत एक गुप्त कप्पा होता, पासवर्डवाला. त्यात अण्णांनी आईचा वाढदिवस ठेवला आणि पासवर्ड विसरले. तेव्हापासून आईचा वाढदिवस कुणालाच कळू नये इतका सुरक्षित होता.

मामांचं मत अगदी वेगळं. ते म्हणायचे, "दाजी, नंबर-बिंबर तिच्यात ठेवू नका. औषधाची आठवण करून द्यायला बरी आहे. बाकी खेळणं आहे."

अण्णांना ते पटायचं नाही. त्यांनी तिच्यात सगळं घातलं, आणि एके दिवशी सगळं घालवलं. झालं असं, की डायरी मस्कतहून आली ती मस्कतची वेळ घेऊन आली, आपल्यापेक्षा दीड तास मागे. अण्णा वेळ बदलायला बसले. पण वेळ बदलायचं बटण आणि सगळं पुसायचं बटण शेजारी-शेजारी, आणि अण्णांचं बोट जाड. रिफिल कधी नव्हे ती त्या दिवशी सापडली नव्हती. काच पांढरी झाली. त्यात साताऱ्याच्या एका स्थळाचा नंबर होता, मुलगी पसंत आहे असं त्यांनी कळवलं होतं आणि आमच्या फोनची वाट बघत होते. अण्णा आठवडाभर आठवत बसले. तेवढ्यात साताऱ्याच्या लोकांनी हे फार गर्विष्ठ दिसतात म्हणून दुसरीकडे जमवलं.

मला त्या मुलाचं काही दुःख झालं नाही, मी फोटो बघितला होता. पण अण्णांनी धसका घेतला. त्या दिवसापासून डायरीच्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही. मामांनीसुद्धा नाही. डायरी मस्कतलाच राहिली. अण्णा तिच्यात बघायचे, डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि दीड तास मिळवून वेळ सांगायचे. भिंतीवर घड्याळ असायचं, आम्ही सगळे त्यात बघून मोकळे झालेलो असायचो. आणि ती एकदा वाजायला लागली की मिनिटभर वाजायची. बंद करायची तर झाकण उघडून कोपऱ्यातलं बटण दाबायला लागायचं. संघाच्या माजी अध्यक्षांची शोकसभा होती, सगळे दोन मिनिटं शांत उभे. त्यातलं एक मिनिट अण्णांच्या डायरीने घेतलं.

अशात इचलकरंजीचं जामदारांचं स्थळ आलं. यंत्रमागाचा धंदा, मुलगा इंजिनिअर. मंडळी बघायला आली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा अण्णा साताऱ्याच्या धड्याने शहाणे होऊन सगळ्यात आधी फोन नंबर मागत होते. त्यांनी खिशातून डायरी काढली. बापूसाहेब तिच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी जाकिटातून स्वतःची काढली.

नवऱ्या मुलाला मुलगी आवडली की नाही हा प्रश्न तिथल्या तिथे मिटला, कारण मुलीकडे कुणी बघतच नव्हतं.

"तुमची उघडती व्हय?" बापूसाहेबांनी विचारलं.

"उघडते की. तुमची?"

"आमच्यात उघडायची भानगडच न्हाई. नुसतं तोंडच हाय. अमेरिकेतनं आलीय, थोरल्या लेकीनं पाठवली."

"बटणं कुठायत हिची?"

"बटणं म्हंजे जुनं झालं, अण्णासाहेब. हिच्यावर काडीनं लिवायचं. आपण लिवलेलं ती वळखती."

अण्णांनी चष्मा वर केला. "आणि काडी हरवली तर?"

होणाऱ्या सासूबाई पोह्यांकडे बघत म्हणाल्या, "माझी क्रोशाची सुई नेलीया त्यांनी."

बापूसाहेबांनी ते ऐकलंच नाही. त्यांनी क्रोशाच्या सुईने आमचा नंबर लिहून दाखवला. मशिनला समजावीत म्हणून अक्षरं एका ठरावीक पद्धतीनेच काढायची होती. ती पद्धत ते इतकी मन लावून शिकले होते, की चेकवरही तशीच सही करायला लागले आणि बँकेने दोनदा चेक परत पाठवला. त्यात त्यांना अपमान वाटला नव्हता. बँक मागे पडली एवढंच त्यांचं मत होतं. शिवाय त्या मशिनच्या आत दिवा होता. बटण दाबलं की काच हिरवी उजळायची. भर दुपारी ते कसं दिसणार? मग बापूसाहेबांनी गळ्यातलं उपरणं स्वतःच्या आणि अण्णांच्या डोक्यावर ओढून घेतलं, आणि दोन व्याही आमच्या सोफ्यावर एका उपरण्याखाली गेले. आतून अण्णांचा आवाज आला, "आयला."

तेवढ्यात निशिकांतने माझ्या हातातली पोह्यांची डिश घेतली. एकट्याने.

आम्हाला दोघांना बोलायला म्हणून मागच्या दारी पाठवलं. तिथे पेरूच्या झाडाखाली तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे किती दिवसांपासून आहे?"

"वर्ष होत आलं," मी म्हणाले. "तुमच्याकडे?"

"सहा महिने. जेवताना ताटाशेजारी लागते."

"आमच्याकडे उशाखाली."

"वाढत जातं का हो?"

घरातल्या दुखण्याबद्दल बोलावं तसं आम्ही बोलत होतो. बोलता-बोलता आम्हाला दोघांना एकाच वेळी हसू फुटलं आणि ते आवरेना. आतून आईने खिडकी लावून घेतली. मी तिथेच ठरवलं, करीन तर याच्याशी.

पण साखरपुड्याला पेच पडला. मुहूर्त निघाला बारा पस्तीसचा. लाटकर गुरुजी म्हणाले, त्याच्या पुढे-मागे काही नाही, एकदा चुकला की थेट मार्गशीर्षात. अण्णा म्हणाले, मग अंदाजपंचे चालणार नाही, माझी डायरी वाजेल, त्या ठोक्याला अक्षता. बापूसाहेब म्हणाले, मान मुलाकडचा असतो, वाजंल ती आमची. अण्णा म्हणाले, तुमची क्रोशाच्या सुईवर चालते. बापूसाहेब म्हणाले, तुमची तर मस्कतात राहती. हे त्यांना कुणी सांगितलं म्हणून अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी निशिकांतकडे बघितलं, आणि निशिकांतने छताकडे.

मानपानाच्या साड्यांवरून, वरातीच्या गाड्यांवरून एक शब्द निघाला नव्हता. पण आता आवाज चढले. बापूसाहेब उठून उभे राहिले. म्हणाले, आमच्या मशिनवर ज्यांचा विश्वास नाही त्यांच्या घरची मुलगी आम्हाला जमणार नाही, आणि दाराकडे चालायला लागले. निशिकांतने त्यांच्या चपला लपवल्या होत्या, म्हणून बरं. चपला सापडेपर्यंत गुरुजींनी तोडगा काढला. दोन्ही डायऱ्यांवर एकच वेळ लावायची, दोन्ही एकदम वाजतील, आणि दोन्ही वाजल्या की अक्षता. मनगटी घड्याळं बघायची नाहीत. गुरुजींनी विश्वास बसावा म्हणून स्वतःचं घड्याळ उतरवून पंचांगाच्या पिशवीत ठेवलं.

बापूसाहेब बसले. पण बसताना बोलले, "एक वाजली आन् दुसरी न्हाई, तर मातूर वरात हाय तशी माघारी."

अण्णा म्हणाले, "कबूल."

कुणी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की मी चाललेय या मुलाबरोबर, मशिन वाजो न वाजो. पण अण्णा शब्द दिला की हटत नाहीत, बापूसाहेबही तसलेच, आणि दोघांचा शब्द आता एका डबीत होता जी शोकसभेत वाजते.

तर अशी मी हार घेऊन उभी होते.

गुरुजींची मंगलाष्टकं संपली. त्यांनी अण्णांकडे बघितलं, बापूसाहेबांकडे बघितलं. दोघे खिशावर हात ठेवून पुतळ्यासारखे. मग वडूजच्या कुसुमआत्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक काढलं. एरवी आम्ही त्यांना कुठल्याही लग्नात माइकपासून लांब बसवतो. त्यात दोन्ही घरांतल्या माणसांची नावं गुंफलेली होती, आणि यमक जमवायला त्यांनी निशिकांतच्या एका चुलत्याला गावच बदलून दिलं होतं. ते चुलते मांडवातून ओरडून सांगायला लागले की आम्ही जयसिंगपूरचे. आत्यांनी ते कडवं दुरुस्त करून पुन्हा म्हटलं. मग जामदारांकडच्या एका काकू उठल्या, त्यांनीही रचलेलं होतं. ते त्यांच्या दुसऱ्या पुतण्याच्या लग्नातलं निघालं. मधेच नवरीचं नाव "सुनंदा" आलं तेव्हा अंतरपाटाखालचे अंगठे एकदम ताठ झाले.

बँडवाले कार्यालयाच्या दारात उभे होते. क्लॅरिनेटवाल्याने ओठ लावून ठेवला होता तो काढता येईना, आणि ठेवताही येईना. मागच्या रांगांतून लोक मनगटं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, झाले की बारा पस्तीस. कुणी म्हणालं, माझ्यात अजून तीन मिनिटं आहेत. कुणी म्हणालं, माझ्यात होऊन गेले. अण्णांनी मागे वळून तसल्या घड्याळांबद्दल काय वाटतं ते एका नजरेत सांगितलं. स्वयंपाकघरातून मठ्ठ्याचा आणि जिलबीचा वास यायला लागला होता. मामांच्या पोटातून गुरगुरल्याचा आवाज माझ्या पाठीला कळत होता.

मी कापडाच्या कडेने अण्णांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा निश्चिंत. रात्रभर बसून त्यांनी हिशेब केला होता. आता दोन मिनिटांत वाजणार अशी त्यांची खात्री होती, आणि दर दोन मिनिटांनी ती नव्याने होत होती.

मी बापूसाहेबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मात्र वेगळा होता. ते स्वतःच्या खिशाकडे बघतच नव्हते. ते टक लावून अण्णांच्या खिशाकडे बघत होते. देवळात कौल लावून बसलेला माणूस बघतो तसं.

मला कळून चुकलं, की आता काहीतरी मोडणार. मुहूर्त तर बहुतेक मोडलाच होता. मी हाराचा अंदाज घेतला. कापडावरून फेकला तर त्याच्या गळ्यात पडेल का? त्याची उंची मला आठवत होती, पण फेट्याचा तुरा मधे येणार होता. मी टाचा उचलल्या. मामांनी मला खाली दाबलं.

आणि त्याच क्षणी वाजली.

टीं टीं टीं. इतकी जवळ, की माझ्या कानातली कुडी थरथरली.

"माझी," अण्णा म्हणाले.

"आमची," बापूसाहेब म्हणाले, त्याच दमात, किंबहुना अर्धा दम आधी.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग अण्णांचा चेहरा खुलला. "दोन्ही! गुरुजी, दोन्ही!"

गुरुजींनी शेवटचं "सावधान" जे म्हटलं ते त्यांच्या त्या दिवसाच्या सगळ्या आवाजाची उरलीसुरली बाकी काढून म्हटलं. अंतरपाट उडाला. बँड सुटला. अक्षता कुणाकडेच नव्हत्या, म्हणून लोकांनी मिळेल ते टाकलं, फुलं, बडीशेप, कुणीतरी खिशातले शेंगदाणे. मी हार घातला तो निशिकांतच्या एका कानाला अडकला. तो इतका हसत होता की त्याला माझ्या गळ्यात घालायचा हार सापडेना. पाठीमागे मामांचे हात माझ्या खांद्यांवरून सुटले आणि मामा गर्दीत कुठेतरी पाणी शोधायला गेले.

दोघे व्याही गळ्यात गळे घालून उभे होते. अण्णा म्हणत होते, तुमच्या मशिनचा आवाज अगदी आमच्यासारखाच आहे हो, फरक कळत नाही. बापूसाहेब म्हणत होते, जपानी काय न् अमेरिकन काय, वेळ म्हंजे वेळ.

पंगतीत आम्ही शेजारी बसलो. मला जिलबीचा घास भरवायला म्हणून निशिकांत वाकला आणि कानात म्हणाला, "बाबांची वाजली नाही."

"म्हणजे?"

"ती सकाळी दहालाच गेली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उपरण्याखाली घेऊन दिवा दाखवत होते. तुमच्या वडूजच्या आत्या तर दोनदा जाऊन आल्या. सेल संपले. ते शेंगेएवढे सेल कराडात कुठल्या दुकानात नाहीत, मी सगळी पालथी घातली. बाबा तसेच उभे राहिले, तुझ्या अण्णांची वाजेल त्या भरवशावर."

मी घास गिळला. पलीकडच्या पंगतीत बापूसाहेब अण्णांच्या पानात आग्रहाने जिलबी वाढत होते, आणि नको म्हटलं तरी आणखी एक. इतका आग्रह कुठला व्याही करत नाही. मला फार हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं. शेवटी अण्णांचीच वाजली. हे मी त्यांना कधी सांगणार नव्हते, पण मला तरी माहीत असेल.

साडेतीनच्या सुमाराला पाठवणी. कार्यालयाच्या दारात फुलांनी मढवलेली गाडी उभी. बायकांनी पदर डोळ्यांना लावून तयारी केली होती, आणि इथे माझी पंचाईत अशी, की मला रडूच येईना. सकाळपासून जे पोटात हसू साठलं होतं ते कुठेतरी निसटून बाहेर यायला बघत होतं. आई रडली, आत्या रडल्या. मी ओठ चावून खाली बघत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, बघा बाई, आजकालच्या मुली.

अण्णा पुढे आले. आमच्या घरात मिठीबिठी मारायची पद्धत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बापूसाहेब दोन हातांवर, गाडीचं दार धरून उभे.

आणि अण्णांचा खिसा वाजला.

टीं टीं टीं.

अण्णांचा हात माझ्या डोक्यावरच थिजला. मी वर बघितलं. त्यांनी डोळे मिटलेले, ओठ हलत होते, ते हिशेब करत होते. मग डोळे उघडले आणि त्यात मी जे बघितलं ते आजवर विसरले नाही. त्यांना कळलं होतं. बंद करायची तर झाकण उघडायला हवं, सगळ्यांसमोर, बापूसाहेबांसमोर. एक वाजली आणि दुसरी नाही, शब्द दिलेला.

मी अण्णांच्या गळ्यात पडले आणि हंबरडा फोडला.

असा फोडला, की बँडवाले दचकले. "अण्णा, मी नाही जाणार, अण्णा," असं काय-काय मी ओरडत होते. अण्णांनी मला घट्ट धरलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि डायरी आमच्या दोघांच्या मधे दाबली गेली. पण दाबली म्हणून ती थांबणारी नव्हती, मिनिटभर वाजणार म्हणजे वाजणार. माझ्या बरगड्यांत तिचं टीं टीं चाललं होतं.

"रेवा," अण्णा कानात म्हणाले, "मी मिळवले गं. दीड तास वजा करायचा होता, मी मिळवला."

"रडा, अण्णा," मी म्हणाले. "मोठ्याने रडा."

अण्णा रडायला लागले. म्हणजे आवाज काढायला लागले. त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो आवाज गाईसारखा आला, पण कामाचा होता. तेवढ्यात त्यांच्या डोक्यात पुढचा प्रश्न शिरला. "आणि मग दुपारी वाजली ती कुणाची?"

हे माझ्याही डोक्यात त्याच क्षणी शिरलं होतं. कानातली कुडी. इतका जवळचा आवाज. अगदी अण्णांच्या डायरीसारखाच, एकाच दुकानातली, छत्री फुकट मिळालेली. मी अण्णांच्या खांद्यावरून बघितलं. दिनकरमामा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून, अगदी अपराध्यासारखं, तळहात पोटावर ठेवला.

"मामांची," मी हुंदका देत म्हणाले. "पित्ताची गोळी. जेवणाआधीची."

अण्णांचे खांदे हलायला लागले. माझेही हलायला लागले. आम्ही एकमेकांच्या मानेत तोंड खुपसून असे गदगदून हलत होतो, की ज्या बायकांचं रडून झालं होतं त्यांनी परत सुरू केलं. कुसुमआत्या म्हणाल्या, असं लेकीचं प्रेम बघितलं नाही.

डायरी अजून वाजतच होती.

आणि बापूसाहेबांनी ती ऐकली. मी त्यांचा चेहरा बघितला. त्यांनी अण्णांच्या खिशाकडे बघितलं, मग स्वतःच्या जाकिटाच्या खिशावर, त्या मेलेल्या मशिनवर हात ठेवला. वरात माघारी न्यायची, तर आता वेळ होती. बापूसाहेब बँडवाल्यांकडे वळून म्हणाले, "आरं, बघत काय ऱ्हायलाय? वाजवा की. जोरात."

बँडवाले म्हणाले, साहेब, पाठवणी आहे, लोक रडतायत.

"म्हणूनच म्हणतोय," बापूसाहेब म्हणाले. "सगळ्यात मोठं काय येतं ते वाजवा."

असं माझं सासरी जाणं झालं, रणवाद्यांसारखा बँड, सगळं कार्यालय धाय मोकलून रडतंय, आणि मधे आम्ही बाप-लेक हसून-हसून बेजार. त्या बँडच्या आवाजात डायरी कधी थांबली ते कळलंच नाही.

कराडात अजूनही पाठवणीला एखादी मुलगी रडली नाही, की जुन्या बायका माझं उदाहरण देतात. पित्ताच्या गोळीच्या मुहूर्तावर लागलेलं आमचं लग्न छान चाललंय. दोघे व्याही पुढे कितीतरी वर्षं एकमेकांकडे जायचे, मशिनं बदलत गेली तसे नवीन-नवीन उपरण्याखाली बघायचे, पण त्या दिवसाबद्दल एकमेकांशी एका अक्षराने बोलले नाहीत. फक्त कुणी अण्णांना त्यांच्या पहिल्या डायरीबद्दल मत विचारलं, की ते आधी बापूसाहेबांकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि म्हणायचे, "वेळेचं मी काही सांगत नाही. पण आवाज खणखणीत होता."

"व्हता," बापूसाहेब म्हणायचे. "बँडच्या वर येत व्हता."